पट्टी मोकळी

पांढरीचा माळ, चौफुल्याजवळ
१२ जून २००१

मामा आणि मामी,

दोघांच्या पाया पडते. हे पत्र तुम्ही डेअरीवर नेऊन सगळ्यांना वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. म्हणून पहिलीच गोष्ट स्पष्ट लिहिते: मी विमान चालवत नाही. परवा दौंडच्या बाजारात न्हावऱ्याच्या कोणी बाई आईला भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमची मोनिका इमान चालवती म्हनं!" आई म्हणाली, "आसंल बाई, मला कुठं सांगून जाती ती."

तर नीट ऐका. पांढरीच्या माळावर विमान चालवायला शिकवणारी शाळा निघाली आहे. हो, तोच माळ. पावसाळ्यात तुमच्या मेंढरांचा तळ जिथं पडायचा, तिथं आता डांबराची लांब पट्टी आहे. दोन माणसं मावतील एवढी छोटी विमानं आहेत आणि माझ्याहून लहान पोरं ती शिकतात. माझं काम पाखरांचं. विमान निघण्याआधी जीपमधून पट्टीवर फेरी मारायची, पाखरं असतील तर भोंगा वाजवून, फटाका लावून उठवायची, आणि सगळं ठीक दिसलं की रेडिओवर सांगायचं, पट्टी मोकळी. तुम्ही ज्या झूलॉजीच्या पदवीला "झुरळांची बीए" म्हणायचात, ती अशी कामाला आली.

हसू नका. धावत्या विमानाला साधी टिटवी धडकली तरी काच फुटते. गेल्या पावसाळ्यात असं झालं होतं. मालक मंडळींचं म्हणणं पडलं, रीतसर परवानगी काढून बंदूकवाले आणू आणि पाखरांचा निकाल लावू. इथले मुख्य कॅप्टन साहेब, हवाई दलातून निवृत्त झालेले, त्यांनी मला मुलाखतीत विचारलं, तुम्ही काय कराल? माझ्या तोंडून निघून गेलं, एकही गोळी न झाडता पट्टी मोकळी ठेवीन. ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत करून दाखवा. नाही जमलं तर दसऱ्याला बंदूकवाले येतील आणि तुमची ही जागाही राहणार नाही."

आता पावसानं गवत वाढेल, गवतात किडे होतील आणि त्यामागं पाखरं येतील. मामा, मी मोठ्या तोंडानं बोलून बसले आहे. ते खरं करून दाखवायचं आहे.

तुमची मोनिका

---

न्हावरे
२४ जून २००१

मोनिका, माझ्या बाळा,

मामाचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज. पत्र डेअरीवर वाचलं. सगळे दुधाची किटली खाली ठेवून ऐकत होते. फक्त तू विमान चालवत नाहीस ते वाक्य घाईत माझ्याकडून राहून गेलं. मोतीबिंदू पिकत आलाय, काही ओळी सुटतात.

आपल्या घरातलं जे कोणी आजवर त्या माळावर गेलं ते मेंढरांमागं पायी गेलं. चटणी-भाकरी फडक्यात बांधून आणि घोंगडी खांद्यावर टाकून. तू जीपमध्ये बसून जातेस आणि साहेब तुला अहोजाहो करतात. मी डेअरीवर फुगून बसलो तर कुणाचं काय जातं?

आता कामाचं. तुमच्याकडं गवत ट्रॅक्टरनं कापतात, असं तुझी आई बोलली. तिथंच चुकतंय. यंत्र फिरलं की किडे उडतात आणि बगळे वरातीसारखे ट्रॅक्टरमागं चालतात. मेंढरं चारा. मेंढरू जमिनीला तोंड लावून गुमान खातं, आणि बरोबर कुत्री असली की टिटवी तिथं टिकत नाही. मी पाटाचं पाणी आल्यावर मेंढरं विकून ऊस लावला खरा, पण अर्धं आयुष्य त्या माळावर काढलंय. माझा चुलतभाऊ बबन अजून मेंढरं राखून आहे आणि पावसाळाभर तिथंच आसपास असतो. तू नुसतं हो म्हण, तो कळप घेऊन उभा राहील.

साहेबांना म्हणावं, आमच्या मामानं सांगितलंय.

तात्याबा मामा

---

पांढरीचा माळ
१८ जुलै २००१

मामा,

तुमची मेंढरं पट्टीवर येऊन गेली! बगळे मेंढरांमागंही येतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून आधी कचरत होते. पण साहेब म्हणाले, शाळा बंद असेल त्या दिवशी चारा आणि दिवस मावळायच्या आत सगळी मेंढरं कुंपणाबाहेर काढा. बबनमामांनी अगदी तसंच केलं. गवत एकसारखं झालं, जणू माळाची कुणी हजामत केली. पोरांनी मेंढरांबरोबर फोटो काढले. रोहन नावाचा एक मुलगा आहे, रांजणगावच्या कंपनीतल्या सुपरवायझरचा. त्यानं कोकरू उचलून थेट विमानात नेऊन बसवलं. मग साफ करता करता त्याच्या नाकीनऊ आले.

साहेब सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. मला म्हणाले, "ही कल्पना कुणाची?" मी सांगितलं, माझ्या मामांची. ते म्हणाले, "त्यांना एकदा घेऊन या." तेव्हा माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू.

पाखरं कमी आहेत. दसरा लांब आहे, पण मला आता धीर आलाय.

मोनिका

---

न्हावरे
२७ जुलै २००१

मोनिका,

वाचून छाती भरून आली. डेअरीचे सेक्रेटरी मारुतराव माझ्या बोलण्याला नेहमी नाक मुरडतात, पण या वेळी त्यांनीच म्हटलं, तात्याबा, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. साहेबांनी मला बोलावलंय तो भाग तिसऱ्यांदाही वाचला.

पुढच्या सुट्टीलाही बबन मेंढरं आणील. त्याला मी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, ती तो करील. तुला सांगण्यासारखं त्यात काही नाही. आपली रीत आहे, ती पाळायची एवढंच.

मामी म्हणते, पोरीला विचारा, नीट जेवती का न्हाई.

तात्याबा मामा

---

पांढरीचा माळ
१९ ऑगस्ट २००१

मामा,

हे पत्र डेअरीवर नेऊ नका.

मागच्या सुट्टीला बबनमामा मेंढरं घेऊन आले. सुट्टी जोडून होती, म्हणून मी दौंडला आईकडं गेले. बबनमामा म्हणाले होते, "तू जा पोरी, सांच्याला मी काढतो बाहीर." त्यांनी मेंढरं बाहेर काढली नाहीत. पट्टीच्या टोकाला जाळी लावून दोन्ही रात्री तिथंच बसवली, जशी खतासाठी शेतात बसवतात तशी. वरून भुरभुर पाऊस झाला. मी परत आले तेव्हा लेंड्यांचा थर भिजून फुगला होता. शेणकिडे आणि माश्या झाल्या होत्या, आणि कुठून कुठून बगळे आले होते, काही विचारू नका. भोंगा वाजवला की उठायचे आणि चार पावलं पलीकडं बसायचे.

आम्ही दोन दिवस विमानं बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी मी हाकलून हाकलून पट्टी रिकामी केली आणि रेडिओवर सांगितलं, पट्टी मोकळी. रोहनचं विमान निघालं. ते जमीन सोडत असतानाच टोकाच्या गवतातून अख्खा थवा उठला आणि विमानावर आदळला. इंजिन बंद पडलं. त्यानं विमान कसंबसं पुढच्या बाजरीत उतरवलं. खांद्याचं हाड मोडलं, पण जीव वाचला. मामा, तो माझ्या शब्दावर उडाला होता.

मी बबनमामांना विचारलं. ते म्हणाले, "तात्याबानं बजावलं हुतं. ज्या रानात मेंढरू चरलं त्या रानाला खत दिल्याबिगर निघायचं न्हाई. फुकट खाऊन जायाला आपण काय चोर हाय का?"

साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं नाही. मी म्हणाले, जबाबदारी माझी. मालकांना बंदूकवाले लगेच हवे आहेत. साहेबांनी एवढंच सांगितलं, दसरा म्हटलं होतं, दसराच. माझ्याशी ते कामापलीकडं बोलत नाहीत.

तुमच्या रीतीपायी एका आईचा मुलगा गेला असता. मला तुमच्यावर रागवायला आवडत नाही, पण मी रागावले आहे.

मोनिका

---

न्हावरे
३० ऑगस्ट २००१

मोनिका,

पत्र डेअरीवर नेलं नाही. ते खिशातच राहिलं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला तुझाच राग आला. चरलेल्या रानाला खत देऊन निघायचं, ही रीत आपल्या बापजाद्यांनी पोटात अन्न नसतानाही पाळली. म्हणून कुठल्या गावानं आपल्याला शिवाराबाहेर काढलं नाही. उलट पुढच्या वर्षी या म्हणून निरोप यायचे. त्या रीतीला तू नाव ठेवलंस ते मला झोंबलं.

मग एसटीनं चौफुल्याला आलो. तुला कळवलं नाही. माळापर्यंत चालत गेलो आणि कुंपणाबाहेर बाभळीखाली उभा राहिलो. टोकाची जमीन पांढरीशुभ्र दिसत होती, आणि ते सगळे बगळे होते. तुझी जीप चिखलात रुतलेली आणि तू भोंगा हातात घेऊन पायी पळत होतीस. केस सुटलेले, बूट चिखलानं भरलेले. तू इकडून पळालीस की ते तिकडं बसत, तिकडं गेलीस की पुन्हा इकडं. हाक मारावी वाटत होतं, पण कुठल्या तोंडानं मारणार? तसाच परत फिरलो.

रीत खोटी नाही पोरी. पण ती शेताची रीत आहे. विमानाच्या रानात ती कशी चालेल, हे मी विचारायला हवं होतं, निदान तुला सांगायला हवं होतं. मी चुकलो. माझ्यामुळं तुझ्या शब्दाला बट्टा लागला, हे मला सहन होत नाही. साहेबांना माझं नाव सांग. काय बोलायचं ते मला बोलू देत.

तात्याबा मामा

पोरी, मी कुशाबाई, तुझी मामी. खाली जागा हाय म्हणून लिहिते. हे धड जेवत न्हाईत. आन् डेअरीवर मारुतरावांनी पत्राचं इचारलं तवा ह्यांनी जुनंच पत्र उघडून त्यात नसलेलं वाचलं. म्हनं तू इमान मुंबईला नेऊन आनलं. मी दूध घालाया गेले हुते, समदं ऐकलं. तूच काय ते बघ आता.

---

पांढरीचा माळ
९ सप्टेंबर २००१

मामी, मामांना आधी पोटभर जेवायला घाला. मग पुढचं वाचायला द्या.

मामा, मुंबई? निदान पुण्याला तरी न्यायचं होतं, जरा जवळ पडलं असतं. रोहनच्या गळ्यात झोळी आहे, पण सारखा विचारतो, पुन्हा कधी उडायचं. साहेबांना मी सगळं सांगितलं, तुमचं नाव आणि रीतसुद्धा. ते म्हणाले, "खाल्ल्या रानाला काही देऊन जाणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. पण त्या रीतीची ही जागा नव्हे."

आता मुख्य गोष्ट. तुमचं पत्र येण्याआधी आम्ही ते सगळं खत खोऱ्या-घमेल्यांनी काढायला घेतलं होतं. बबनमामा शरमेनं सगळ्यांच्या पुढं राबत होते. ट्रॉली भरून टेकडीच्या पलीकडं, ओढ्याच्या अंगाला नेऊन टाकली. आणि मामा, बगळे ट्रॉलीच्या मागून चालत निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर दोन टिटव्या सोडल्या तर काही नव्हतं. टेकडीवर चढून पाहिलं तर सगळी पांढरी पंगत पलीकडं बसली होती.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख झालं. इतके दिवस मी पाखरांना नुसतं जा म्हणत होते. कुठं जा, ते सांगितलंच नव्हतं. शेतात मेंढरं बसवायची तुमची रीत पाखरं गोळा करते. मग ती विमानांच्या वाटेपासून लांब पाळू या. आपली विमानं टेकडीच्या पलीकडं कधी जात नाहीत. पट्टीच्या कडेचं गवत आता मी मुळापासून कापणारच नाही, वीतभर उंच राहू देणार आहे. उंच गवतात बगळ्याला किडा दिसत नाही आणि टिटवीला आपल्यावर कोण चालून येतंय ते दिसत नाही. मग ती तिथं बसत नाहीत. हे माझ्या पुस्तकातलं. मेंढरांचं तुमच्याकडचं.

अडचण एकच आहे. बबनमामांशिवाय आणखी चार-पाच कळप पट्टीला लागून असलेल्या शेतांत बसतात. शेतकरी बोलावतात, ते जातात. मी सांगायला गेले तर एक आजोबा म्हणाले, "तुझा बाप रेल्वेत, तुला मेंढरातलं काय कळतंय?" कॅप्टन साहेबांचा मान त्यांच्याकडं चालत नाही. तुमचा चालेल.

मला या वेळी तुमचा सल्ला नको. मला तुम्ही हवे आहात. दसऱ्याच्या आत या.

मोनिका

---

न्हावरे
२ ऑक्टोबर २००१

मोनिका,

तुझ्याकडं चार दिवस राहून परत आलो. तू दिवसभर पट्टीवर होतीस, म्हणून तळावर काय काय घडलं ते आता सविस्तर लिहितो.

ट्रंकेतली घोंगडी काढली. मामी म्हणाली, "कसर लागलीया तिला." लागू दे म्हटलं. घोंगडीशिवाय मी कळपात गेलो असतो तर उसाचा बागायतदार म्हणूनच मला चहा पाजून वाटेला लावलं असतं. सगळ्या तळांवरच्या म्हाताऱ्यांना एका बाभळीखाली बसवलं. आधी शिव्या खाल्ल्या. मेंढरं विकून गेलास आणि आता आम्हाला जागा दाखवायला आलास होय, म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं. मी ऐकून घेतलं. मग रोहनचं सांगितलं, आणि बाजरीत पडलेलं विमान. ते सगळ्यांनी लांबून पाहिलेलं होतं. पण ते कशानं पडलं, हे बबन सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्या खतापायी पडलं म्हटल्यावर त्यांच्या शिव्या थांबल्या.

बबन पहिला उठला. "मी आत्ताच हालवतो," म्हणाला आणि खरंच जाळी गुंडाळायला गेला. त्याचं बघून बाकीचे तयार झाले. टेकडीपलीकडचे शेतकरी तर खूशच झाले, त्यांच्याकडं कळप कधी फिरकत नसत.

अडून बसली गिताबाई. पट्टीच्या कुंपणाला लागून तिचं रान आहे. म्हणाली, "माझ्या सासऱ्यापास्नं हितं मेंढरं बसत्यात. इमान माझ्या ज्वारीला खत देणार हाय का?"

मी म्हटलं, "तुझं खत बुडणार न्हाई. तिकडं पडलेलं वाळवून दिवाळीनंतर तुझ्या बांधावर आणून टाकतो. वाळल्या लेंडीला किडा न्हाई आन् बगळाबी न्हाई."

"आन् न्हाई आनलं तर?"

"तर न्हावऱ्याला ये आन् माझ्या उसात गुरं सोड."

ती म्हणाली, "आप्पा, मानूस शब्द देतं आन् एसटीत बसून जातं."

तेव्हा मी जे बोललो ते तुला तोंडावर सांगता आलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, माझ्यापायी माझ्या भाचीचा शब्द खाली पडलाय. तो उचलायला मी आलोय. त्यासाठी माझा गहाण टाकतो." गिताबाई आत गेली आणि मला चहा आणून दिला. आमच्यात त्याचा अर्थ, बोलणं पक्कं झालं.

मोनिका, तुझी बुद्धी लढली म्हणून मला त्या बाभळीखाली बसायला तोंड राहिलं. मेंढरं विकल्यापासून ती घोंगडी मी अंगावर घेतली नव्हती. तू ती मला परत घ्यायला लावलीस.

तात्याबा मामा

---

पांढरीचा माळ
२७ ऑक्टोबर २००१

मामा, मामी,

काल दसरा झाला. सोनं घ्या, पाया पडते.

सकाळी बंदूकवाले आले. जीपमधून दोघं, लांब बंदुका, खाकी टोप्या. मालकांचा माणूस बरोबर होता. गवत वीतभर उभं होतं, त्यात काय लपलंय याची मला खात्री होती आणि नव्हतीही. ते दोघं पट्टीच्या टोकाला जाऊन बसले. मी भोंगा वाजवला नाही, फटाका लावला नाही, मुद्दामच. ऊन वर आलं. एक घार उंचावरून गेली. एक टिटवी ओरडत आली, गवतावर घिरटी घेतली आणि बसायला जागा नाही म्हणून निघून गेली. बंदूकवाल्यांतल्या एकाला झोप लागली.

शेवटी दुसरा मालकांच्या माणसाला म्हणाला, "साहब, मारना किसको है?" मी त्यांना टेकडीवर नेलं. खाली ओढ्याकाठी पाच कळपांचे तळ होते आणि त्यांच्यामधून बगळे असे निवांत हिंडत होते, जणू तेही मेंढरंच राखतात. मालकांचा माणूस पाहत राहिला. कॅप्टन साहेब म्हणाले, "चहा घ्या आणि निघा." ते निघून गेले. माझी जागा पक्की झाली.

मी जीपमध्ये बसून रडले. कुणी पाहिलं नाही, फक्त साहेबांनी पाहिलं आणि पाठ वळवून उभे राहिले.

दिवाळीनंतर कळप कोकणाकडं निघतील, पण तोवर गवतही वाळेल आणि किडेही सरतील. पुढच्या पावसाळ्यात कळप परतले की थेट टेकडीपलीकडं उतरतील, बबनमामांनी तसं ठरवून टाकलंय.

आता ऐका. रोहनचा खांदा बरा झाला आणि येत्या शनिवारी तो पहिल्यांदा उडणार आहे. साहेबांनी तुम्हाला बोलावलंय, विमानातून एक फेरी मारून आणतो म्हणाले. डेअरीवरच्या मंडळींनाही घेऊन या. पण मामा, त्यांना आधी खरं सांगा. मी विमान चालवत नाही.

मोनिका

---

न्हावरे
८ नोव्हेंबर २००१

मोनिका,

शनिवारी तुझ्याशी बोलायला सवड मिळाली नाही. भोवती अख्खी डेअरी होती. म्हणून हे पत्र.

मी त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. सांगणार होतो, पण एसटीत मारुतराव खिडकीजवळ बसून सगळ्यांना सांगत होते, "आपल्या गावची पोर इमान चालवती, बघा आता." त्यांच्याच तोंडून ते ऐकायला इतकं गोड वाटलं की माझी जीभ उचलली नाही.

मग तू आलीस. खाकी कपडे, कमरेला रेडिओ, आणि बसलीस जीपमध्ये. मारुतरावांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला चौफुल्याची एसटी पुन्हा पकडावी वाटली. विमानात तो पोरगा बसला होता, रोहन. पंखा फिरत होता. साहेबांनी आम्हाला रेडिओजवळ उभं केलं होतं. त्यातून त्या पोराचा आवाज आला, "मॅडम, पट्टी?"

आणि तू म्हणालीस, "थांब."

एवढंच. पंखा फिरतोय, पोरगा आत बसलाय, साहेब उभे आहेत, मालकांचा माणूस घड्याळाकडं बघतोय, आणि कुणीही ब्र काढत नाही. तू जीप घेऊन गेलीस. डांबरावर दोन टिटव्या ऊन खात बसल्या होत्या, त्या आम्हाला तिथून दिसल्यादेखील नव्हत्या. तू भोंगा वाजवलास. त्या ओरडत टेकडीकडं निघून गेल्या. तरी तू लगेच बोलली नाहीस. खाली उतरलीस, गवतात पायी चालत टोकापर्यंत गेलीस आणि परत आलीस. मला ठाऊक आहे तू त्या गवतात काय शोधत होतीस. मग रेडिओत तुझा आवाज आला. "पट्टी मोकळी." आवाज जरा हलला का गं? मला हलल्यासारखा वाटला.

त्या पोरानं क्षणाचाही विचार केला नाही. ज्या शब्दावर त्याचं हाड मोडलं होतं, त्याच शब्दावर तो पुन्हा उडाला. विमान आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. मोतीबिंदूचं निमित्त होतंच.

साहेब म्हणाले, "चला आप्पा, आता तुमची फेरी." तुला वाटलं असेल मी घाबरून नाही म्हणालो. घाबरलो नव्हतो. मी वर गेलो असतो तर तू रेडिओत बोलतेस ते मला शेजारी उभं राहून ऐकता आलं नसतं. त्या दिवशी विमानं जितक्यांदा उडाली तितक्यांदा मी ते ऐकलं. वरून माळ बघायची मला हौस नाही, तो मी पायांनी बघितलाय.

परत येताना एसटीत, न्हावरे जवळ आल्यावर मारुतराव म्हणाले, "तात्याबा, म्हंजी तुमची भाची इमान चालवत न्हाई तर."

मी म्हटलं, "न्हाई चालवत. चालवायला काय, रोज नवी पोरं येत्यात. पर ती व्हय म्हनल्याबिगर एक इमान जाग्यावरनं हालत न्हाई."

मामी खिडकीकडं तोंड करून डोळ्याला पदर लावत होती.

गिताबाईचं खत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या बांधावर पडेल, बबनशी बोलणं झालंय. तिला सांग, न्हावऱ्याचा ऊस सुखरूप राहणार.

आणि एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर गेलो तर मारुतराव किटल्या बाजूला सारून सगळ्यांना हेच सांगत होते, हात वर करून, "पोर म्हनली थांब, आन् इमान थांबलं!" मला कुणी काही विचारलं नाही. मी दूध घातलं आणि गुमान घरी आलो.

तुझा मामा,
तात्याबा